आवक-जावक

"काका, सिनेमात कुणी कुणाच्या कानाखाली वाजवली तरी तुम्ही मान फिरवता. मग ते युद्धकैद्यांचे जुने सिनेमे इतक्यांदा कसे बघता?" पुतण्याची बायको दर दिवाळीला हे विचारते. सोसायटीतले मित्रही विचारतात. 'आवडतात बुवा' म्हणून मी आजवर वेळ मारून नेली. या खेपेला तुम्हीही तेच विचारलंत आणि उत्तराची वाट बघत बसलात, म्हणून सांगतो.

मी ३१ वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. याच्यातच निम्मं उत्तर आलं.

'द ग्रेट एस्केप' (१९६३), म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावणीतून भुयार खणून पळणाऱ्या कैद्यांचा सिनेमा, पहिल्यांदा कॉलेजात असताना मॅटिनीला बघितला. तेव्हा मलाही सगळ्यांसारखी स्टीव्ह मॅक्वीन या नटाची मोटरसायकलच दिसली. नोकरीत दहाएक वर्षं मुरल्यावर टीव्हीवर पुन्हा लागला, आणि माझं लक्ष भलतीकडेच. ह्या कैद्यांनी भुयारासाठी पलंगाच्या फळ्या काढल्या, त्या कुणाच्या नावावर? एवढ्या फळ्या कमी झाल्या तर महिन्याच्या मोजणीत कसं कळलं नाही? मग मिळेल ते वाचत गेलो.

ही खरी छावणी होती सागान गावाजवळ. तेव्हा जर्मनीत, आता पोलंडमध्ये. नाव स्टालाग लुफ्ट ३. दोस्त राष्ट्रांच्या विमानदलातल्या कैद्यांनी तिथे एकदम तीन भुयारं काढायला घेतली: टॉम, डिक आणि हॅरी. जर्मनांनी जमिनीत मायक्रोफोन पुरले होते, म्हणून भुयार सुमारे ९ मीटर खोल. जमीन सगळी वाळूची, हात लावला की ढासळणारी, म्हणून आतून चारी बाजूंनी फळ्यांचा आधार. हॅरीचं तोंड १०४ नंबरच्या बराकीत शेगडीखाली. पलायनानंतर जर्मनांनी स्टॉक घेतला. ती यादी मी एखाद्या भजनासारखी घोळवतो: पलंगाच्या सुमारे ४,००० फळ्या, ३,४२४ टॉवेल, १,७०० घोंगड्या, १,२१९ सुऱ्या, ४७८ चमचे. शिवाय दूध पावडरीचे १,४०० डबे, एकाला एक जोडून हवेचा पाइप केलेला. स्टोअरची एवढी वाट लागलेली मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही.

पण ही झाली आवक. खरी गंमत जावकेत आहे.

खणणं हे मेहनतीचं काम, मेहनत कुणीही करेल. खणलेली वाळू टाकायची कुठे? वरची माती करडी, खालची वाळू पिवळी. एक मूठ सांडली तरी पहारेकऱ्याला दिसणार. तर त्यांनी काय केलं, लांब अंतर्वस्त्राचे पाय कापून पिशव्या केल्या, पँटच्या आत दोन्ही पायांना एकेक. पिशवीचं तोंड खाली, टाचणीने बंद. टाचणीची दोरी वर खिशात. माणूस मैदानात फेऱ्या मारतोय, खिशात हात घालून जरा दोरी ओढतो, वाळू बुटावर ओघळते, आणि तो बोलता बोलता ती पायाने मातीत कालवतो. ओझ्याने चाल फेंगडी व्हायची, म्हणून या लोकांना नाव पडलं पेंग्विन. थंडीत बर्फ पडल्यावर तेही बंद झालं. मग वाळू गेली कैद्यांनीच बांधलेल्या नाटकगृहाच्या खुर्च्यांखाली.

तुम्हाला यात काय आहे असं वाटेल. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमची फरशी बदलली तेव्हा गवंड्याचं काम चार दिवसांत उरकलं आणि राडारोडा तीन आठवडे जिन्यात. लिफ्टमधून न्यायचा नाही, सोसायटीच्या कचऱ्यात टाकायचा नाही. शेवटी मी रोज पहाटे स्कूटरवर पायाशी एकेक गोणी ठेवून हलवला. त्या तीन आठवड्यांत मला पेंग्विनांबद्दल जो आदर वाटला, तो सिनेमा बघून वाटला नव्हता.

त्याच छावणीतला लाकडी घोड्याचा किस्सा तर याहून सुबक. उड्या मारायचा व्यायामाचा घोडा रोज कुंपणाजवळ नेऊन ठेवायचा, पोटात माणूस. वर उड्या चालू, खाली खणणं चालू. परतताना घोड्याच्या पोटात माणूस आणि वाळूच्या पिशव्या दोन्ही. ऑक्टोबर १९४३ मध्ये तिघे सुटले आणि तिघेही स्वीडनला पोचले. फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँचा 'अ मॅन एस्केप्ड' (१९५६) हाही त्याच जातीचा. नावातच शेवट सांगून टाकलाय, तरी आपण श्वास धरून बघतो. काय बघतो? एक माणूस घासून धार केलेल्या चमच्याने कोठडीच्या दाराच्या फळ्या सोडवतोय आणि खाली पडलेला भुसा गोळा करतोय.

आपल्याकडेही असं घडलं आहे. १९७१ च्या युद्धात पकडले गेलेले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी १९७२ च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निघाले. पेशावर गाठलं, तिथून लंडी कोतल. अफगाण सरहद्द चारेक मैलांवर राहिली होती. तिथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली आणि संशय आला, कारण त्या स्टेशनला रेल्वे १९३२ पासून जातच नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी बाद झालेली एक नोंद! त्याची हळहळ मला भुयारापेक्षा जास्त वाटते.

'द ग्रेट एस्केप' खोटं बोलतो, हे मान्य. मोटरसायकलचा प्रसंग बनावट. प्रत्यक्ष भुयारातून एकही अमेरिकन पळाला नाही, त्यांना आधीच दुसऱ्या आवारात हलवलं होतं. २४ मार्च १९४४ च्या रात्री ७६ जण बाहेर पडले, ७३ सापडले, ५० जणांना गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गोळ्या घातल्या. सिनेमात ते एका माळावर एकत्र मारले जातात, प्रत्यक्षात लहान लहान गटांत ठिकठिकाणी. तो प्रसंग आला की मी चहा ठेवायला उठतो. पुतण्याच्या बायकोचं निरीक्षण बरोबर आहे, मला ते बघवत नाहीच.

पण त्या यादीत आणखी एक नोंद आहे: सुमारे ३०० मीटर विजेची वायर. तिच्यावर भुयारात दिवे लागले. जर्मन कामगारांनी ती नजरेआड ठेवली तेवढ्यात कैद्यांनी लांबवली, आणि कामगारांनी चोरीची खबर वर दिली नाही. म्हणून गेस्टापोने त्यांनाही मारलं. सिनेमात ते कामगार नाहीत.

एका वर्षी माझ्या स्टोअरमध्ये ४० मीटर केबल कमी भरली. ती कंत्राटदाराच्या वायरमनने नेल्याचं मला आठ दिवस आधीच कळलं होतं. मी बोललो नाही, कारण रजिस्टरवर सही माझी होती. आज नाही तर उद्या आणून ठेवेल, असं स्वतःला सांगत राहिलो. त्या जर्मनांनीही सांगितलं असेल. माझं एक इन्क्रिमेंट रोखलं आणि मेमो मिळाला, तीन ओळींचा. तो अजून कपाटात आहे.