चोविसावा गुरू

दुपारी दोरीवरचा टॉवेल ओढला आणि बोटात जी कळ गेली ती थेट कोपरापर्यंत. टॉवेलच्या घडीत गांधीलमाशी बसली होती. ती आपली निवांत उडून गेली. मधमाशी निदान डंख सोडून मरते तरी. हिला तेवढंही नुकसान नाही, मनात आलं असतं तर परत येऊन आणखी दोनदा चावली असती.

समोरच्या गॅलरीतून आजोबा ओरडले, "लोखंड घासा, लोखंड!" लोखंडाने नेमकं काय होतं हे कुणी सांगत नाही, पण लहानपणापासून घासत आलो आहोत, तेव्हा घासायचं. पण हल्लीच्या घरात लोखंड आहे कुठे? तवा नॉनस्टिक, सुऱ्या स्टीलच्या, विळी कधीच माळ्यावर गेली. शेवटी खलबत्त्यातला बत्ता सापडला आणि मी ओट्याशी उभी राहून बोटावर बत्ता घासत बसले. तेवढ्यात भांडी घासणाऱ्या मावशींनी कनवटीची डबी काढून वर चुना लावला. नवरा मोबाइलमधून मान वर न काढता "बर्फ लाव" म्हणाला. बोट व्हायचं तेवढं सुजलंच.

सुजलेल्या बोटाचा फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, तर एकीचं लगेच उत्तर, "यातही काहीतरी संकेत असेल बघ. लिही यावर!" मला या बोध काढणाऱ्या लोकांचा मनापासून राग येतो. यांचं दूध उतू गेलं तरी त्यांना जगण्याबद्दल काहीतरी उमगतं. अरे, गॅस बारीक करायचा होता, एवढंच!

अर्थात गांधीलमाशीकडून काही सुचलेली माणसं होऊन गेली आहेत, नाही असं नाही. फ्रान्समधल्या रेओम्यूरने 1719 मध्ये तिचं पोळं पाहून सांगितलं की ही बाई वाळक्या लाकडाचे तंतू खरवडते, थुंकीत कालवते आणि कागद करते. मग आपणही लाकडापासून कागद का करू नये? तोवर युरोपात कागद चिंध्यांचा व्हायचा आणि चिंध्या पुरत नसत. स्वतः रेओम्यूरने मात्र तसा कागद काही करून पाहिला नाही. सुचण्यावरच थांबला, हे मला फार आपलंसं वाटतं. दुसरा अमेरिकेतला जस्टिन श्मिट. जगभरच्या माश्या-मुंग्यांकडून चावून घेऊन त्याने वेदनेची एक ते चार अशी पट्टी तयार केली. मधमाशीला दोन. 2015 मध्ये त्याला त्याबद्दल इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. माझ्या बोटाला मी त्या दिवशी साडेतीन दिले असते.

पण आपल्याकडे हे प्रकरण त्याहून जुनं आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, अजगर, पिंगळा वेश्या, बाण घडवणारा कारागीर, कोळी... आणि सगळ्यांत शेवटी गांधीलमाशीच्याच जातीतली कुंभारीण. एकनाथमहाराजांनी यावर मराठीत विस्ताराने लिहिलं आणि 1573 मध्ये काशीत तो ग्रंथ पुरा केला. कुंभारीण म्हणजे टॉवेलवाली नव्हे. ही एकटी राहणारी, मातीचं घर लिंपणारी, सहसा कुणाच्या वाटेला न जाणारी. ती किड्याला त्या घरात कोंडते, तो भीतीपोटी अष्टौप्रहर तिचंच ध्यान करतो आणि शेवटी कुंभारीणच होऊन बाहेर पडतो. ज्याचं ध्यान कराल ते व्हाल. भक्तीनेच करायला हवं असंही नाही, भीतीनेही चालतं.

आमच्या वाड्यात माजघराच्या देवळीत कुंभारणीने एकदा घर केलं होतं. तोंडात चिखलाची गोळी घेऊन यायची, भिंतीला लावताना बारीक किर्र आवाज करायची, की परत पसार. आजीने सगळ्यांना तंबी दिली, "मोडायचं नाही. कुंभारीण घर करते तिथे पाळणा हलतो." हे ती मोघमच बोलायची, पण बोलताना बघायची काकूकडे. काकूच्या लग्नाला तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. मग आल्यागेल्या प्रत्येक बाईला आजी देवळी दाखवायची आणि ती बाई आधी देवळीकडे, मग काकूच्या पोटाकडे बघायची. काकू पदर घट्ट ओढून आत जायची. आजीच्या पायातल्या जोडव्यांचा आवाज आला की ती हातातलं काम उगाचच जोरात करायला लागे, हे मला आजही दिसतं.

एका सकाळी देवळीखाली मातीचे तुकडे पडलेले. आजीने आम्हा पोरांना ओळीने उभं केलं. कुणीच मोडलं नव्हतं. देवाशपथ, गळ्याशपथ सगळं झालं. काकू चुलीपाशी पाठमोरी बसून भात ढवळत होती. भात ढवळू नये, शितं मोडतात, हे तिला आजीनेच शिकवलेलं.

आम्ही तुकडे परसात नेऊन खराट्याच्या काडीने टोकरले. आत हिरव्या अळ्या, दाटीवाटीने भरलेल्या. मेल्या नव्हत्या. काडी लागली की जराशा आक्रसायच्या, पण हलता येत नव्हतं. पुढे कळलं, कुंभारीण नांगी मारून त्यांना लुळं करते, म्हणजे सडत नाहीत. वर छताला बारीक धाग्याने आपलं अंडं टांगते. पिल्लू बाहेर आलं की त्या ताज्या अळ्या खाऊन मोठं होतं आणि माती फोडून उडून जातं. जुन्या लोकांनी अळी आत जाताना पाहिली, कुंभारीण बाहेर येताना पाहिली. दोन्ही टोकं बरोबर होती. मधला भाग भिंतीआड राहिला.

हे समजल्यावर नाथमहाराजांशी मी बरीच वर्षं मनातल्या मनात भांडत होते. किडा बिचारा कुंभारीण-बिंभारीण काही होत नाही हो, खाल्ला जातो!

मग गेल्या उन्हाळ्यात काकूकडे गेले होते. उशिरा का होईना, पाळणा हलला होता. आता त्या मुलाचंही लग्न झालंय, नवा फ्लॅट आहे. बेडरूमच्या स्विचबोर्डवर कुंभारणीने घर केलेलं. काकू कौतुकाने दाखवायला घेऊन गेली. सून कपड्यांच्या घड्या घालत होती. "मोडू नकोस हं गं," काकू म्हणाली, "शुभ असतं." आणि बोलताना सुनेकडे बघितलं. तोच हेल, तीच तिरकी मान. आजी जाऊन किती वर्षं झाली, आणि माझ्या अंगावर काटा आला.

सून म्हणाली, "आई, इलेक्ट्रिशियन येणारे." तिने पर्समधून जुनं एटीएम कार्ड काढलं, दोन फटक्यांत ते घर खरवडलं आणि केर सुपलीत भरून बाहेर गेली.

काकू काही बोलली नाही. आजी असती तर बोलली असती.