पेवातली गोष्ट, पाच मिनिटांत

सिनेमासाठी सुचलेली माझी गोष्ट सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवाची. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण आत हवा खेळत नाही. म्हणूनच पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आधी तोंड तसंच उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. विझला तर आणखी थांबायचं. २००५ च्या महापुरात यातली कितीतरी पेवं गेली.

सिनेमा असा: दोन भाऊ, त्यांच्यात एक पेव आणि वाटणीवरून अबोला. दोघं मिळून आल्याशिवाय पेव उघडायचं नाही, ही बापाची अट. हळदीचा भाव चढतो, पडतो, दोघंही हटत नाहीत. आणि कृष्णेचं पाणी वाढायला लागतं.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहिते. सिनेमातलं ओळखीचं कुणी नाही. निर्मिती संस्थांना मेल टाकल्या, बहुतेकांकडून उत्तरच आलं नाही. एकांनी कळवलं, न मागवलेल्या कथा आम्ही वाचत नाही. तसलीच गोष्ट त्यांच्याकडे आधीपासून असली तर उद्या चोरीचा आळ यायचा, म्हणून ही काळजी. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

चोरीची धास्ती मलाही होतीच. वकील असलेला भाचा म्हणाला, "मामी, नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो." सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितलंय; संरक्षण मिळतं ते मांडणीला. म्हणजे दोन भाऊ आणि एक पेव कुणीही उचलावं, माझे प्रसंग आणि संवाद मात्र नाही. मग लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा हिशेब मला बरा जमला. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनची सभासद झाले, पटकथा ऑनलाइन नोंदवली. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातही अर्ज केला: फी ५०० रुपये, हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं की हक्क आपलाच. पण तारखेचा कागद हाताशी असला की झोप लागते.

खरी कसोटी पुढं. ओळखीतून कोल्हापुरात एका निर्मात्यांची भेट मिळाली. "ताई, पाच मिनिटांत सांगा," म्हणाले आणि फोन घेतला. फोन ठेवून विचारलं, "हिरो कोण?"

"दोघं भाऊ."

"आणि पेव म्हणजे टाकी का?"

चहा मात्र चांगला होता.

मग मी दुपारच्या सुट्टीत यार्डातल्या हमालांना गोष्ट सांगायला लागले. तिथं भीडभाड नाही; कंटाळा आला की माणूस सरळ तंबाखू मळायला घेतो. आमचे म्हातारे तात्या तोंड खाली घालून भाकरी मोडत होते. पेवात सोडलेला कंदील विझला म्हटलं, तसा त्यांचा हात थांबला. "आत कोण हाय का?" त्या दिवसापासून मी तिथूनच सुरुवात करते. बापाची अट, वाटणी, सगळं मागाहून.

पुण्यातल्या एका दिग्दर्शकाने शेवटपर्यंत ऐकलं. त्याचा प्रश्न पैशाचा: "पूर कसा दाखवायचा? एवढं बजेट कुठनं आणू?" २०१९ चा पूर मी माडीवरून बघितलाय. आम्हाला नदी दिसतच नव्हती, जिना दिसत होता. चौथी पायरी गेली, पाचवी गेली, वर बसून आम्ही पायऱ्या मोजत होतो. तेच लिहिलं. सगळा पूर एका जिन्यावर, दोन भाऊ वर अडकलेले. त्याला ते पसंत पडलं, वर थोरल्या सुनेचं काम वाढवा म्हणाला. हे मला स्वतःला सुचायला हवं होतं खरं. त्या घरात दोन्ही भावांशी बोलणारी तीच एकटी.

आता त्याने करारनामा पाठवलाय. एक वर्ष गोष्ट दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, आणि मोबदल्याची जागा कोरी. "नंतर बघू," म्हणतो. अडतीत हिशेबाच्या कोऱ्या पट्टीवर मी कुणाला सही करू देत नाही, तर स्वतः कशी करीन? आकडा घालून पाठवा, अशी मेल टाकलीय. तोवर थोरलीचे प्रसंग लिहिते आहे.