आबांचा डावा पाय

चपलेचं माप घेताना पेन्सिल तळव्याच्या खळग्याशी आली की गिऱ्हाईक पाय आखडून घेतंच. गुदगुल्या होतात. लहान पोरं तर खिदळतात. आबांचा पाय हललाच नाही. कागदावर ठेवला तसाच राहिला.

सत्तरीचे आबा नातीला घेऊन एसटीनं आले होते. नातवाचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. कापशी पद्धतीची कोल्हापुरी चप्पल हवी होती, चांगली जाड तळाची, करकर वाजणारी. "तुझ्या बाच्या हातचं पायताण म्या बारा वर्सं घातलंय," म्हणाले. माझ्या वडिलांचं नाव काढलं की मी त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही.

डाव्या पायाची आखणी झाली. कागद उचलला, तर चवड्याच्या जागी ओला डाग. पाणी असेल म्हणून बोट लावलं. पाणी नव्हतं. पाय वर घेऊन बघितला तर अंगठ्यामागच्या उंचवट्यावर जाड घट्टा आणि त्याच्या मधोमध काळा ठिपका. बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता. भोवतीचं कातडं पांढरं पडून भिजलेलं.

"आबा, कधी घुसला?"

"काय घुसलंय?"

नातीनं तोंडावर हात घेतला. स्टँडापासून माझ्या दुकानापर्यंत आबा त्याच पायानं चालत आले होते. साखर चौदा वर्षांची, गोळ्या चालू, पण पाय कधी कुणी बघितला नव्हता.

मधुमेही पायांच्या चपलांचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा मला नायलॉनचा एक तंतू मिळाला होता. तळव्यावर टेकवून दाबला की 10 ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. आबांना डोळे मिटायला सांगितलं. जखमेची जागा सोडून दोन्ही पायांवर फिरलो. टाचेवर, करंगळीखाली, चवड्यावर. "लागलं की सांगा." आबा वाट बघत बसले. शेवटी तेच म्हणाले, "लाव की लेका, किती येळ?" मी तोवर आठ ठिकाणी लावून झालो होतो.

त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला, तो काट्यामुळे नाही. आमचा सगळा धंदा गिऱ्हाइकाच्या एका शब्दावर चालतो, 'लागतंय'. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं सुरुवातीला कडक असतं, ते चावणारच. आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो, "तेल लावा, चार दिवस घाला, पायाला बसंल." ज्याला कळतं तो चपला काढतो, फोडाला खोबरेल लावतो, दुसऱ्या दिवशी परत घालतो. आबांसारखा माणूस त्याच फोडावर दिवसभर चालेल आणि संध्याकाळी चपलेला रक्त दिसलं तरच त्याला समजेल. हे वाक्य मीही किती जणांना सांगितलं असेल, आणि त्यातल्या किती जणांना साखर होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

काट्याला मी हात लावला नाही. स्वच्छ कापड बांधलं, रिक्षा बोलावली आणि नातीला सांगितलं, आजच्या आज डॉक्टर, उद्यावर टाकू नका. कापशी करणार नाही म्हटल्यावर आबा चिडले. "तुझ्या बानं कधी न्हाई म्हटलं न्हवतं." त्यावर मला बोलता आलं नाही.

जखम भरायला सात आठवडे गेले. लग्नात आबा पट्टी बांधून खुर्चीत बसले होते, असं नातीनं फोनवर सांगितलं. पाय वाचला.

मग आले. या वेळी मी फोमच्या खोक्यात दोन्ही पायांचे ठसे घेतले. खाली टिकाऊ रबर, वर 12 मिलिमीटरचं मऊ एमसीआर, म्हणजे बारीक पोकळ्यांचं रबर. अंगठ्यामागच्या उंचवट्याखाली खळगा करून भार बाजूला वाटला. चपलेला अंगठ्याची कडी नाही, कारण ती धरून ठेवायला बोटांना जाणीव लागते. त्याऐवजी मागून पट्टा आणि वर वेल्क्रो. पट्ट्यांना आतून मऊ अस्तर, पायाच्या बाजूला एकही टाका नाही. पण वरचं चामडं तेच, आपल्याकडचं, आणि त्यावर वेणी. वेणी मी रात्री बसून वडिलांच्या पद्धतीनं घातली. तिचा पायाला काही उपयोग नव्हता, आबांना होता.

पहिल्या दिवशी एकच तास घाला, काढून तळवा बघा, लाली वीस मिनिटांत गेली नाही तर माझ्याकडे या, एवढं नातीला लिहून दिलं. आबांचा प्रश्न वेगळाच होता. "जोतिबाला काय करू? तितं अनवाणी जायाचं." चैत्रातली तापलेली फरशी माझ्या डोळ्यांपुढं आली. आबांचा पाय भाजला तरी आबांना कळणार नाही. पहाटे जा, म्हटलं, उन्हाच्या आधी, आणि चपला देवळाच्या दारापर्यंत काढू नका; नुसत्या मोज्यांवरही चालू नका.

परवा दुसऱ्या जोडाचं माप द्यायला आले होते. निघताना चपला पायात सरकवायच्या आधी त्यांनी एकेक हातात घेतली, आत बोटं फिरवली आणि उलटी करून झटकली. डाव्या चपलेतून एक बारका खडा पडला. तो उचलून त्यांनी माझ्या मापाच्या वहीवर ठेवला.

"ह्यो बघ," म्हणाले, आणि पट्टा लावून घेतला.