टायमिंग बेल्ट तुटल्यावर हेड उघडायच्या आधी

यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर 2006 ची डिझेल इंडिका चालता चालता गपकन बंद पडली. धूर नाही, ठोका नाही. सेल मारला तर इंजिन दम न लागता शिलाई मशीनसारखं सरसर फिरलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला हवेचा दाब, गेलं की असाच आवाज येतो, आणि पहिला संशय टायमिंग बेल्टवर. तो ऐकला की किल्ली काढायची. जमलेले लोक "एक डाव धक्का मारून पाहू ना भाऊ" म्हणतातच, नाही म्हणायचं. हा दातेरी पट्टा पिस्टन हलवणाऱ्या क्रँकवरून वॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवतो; तो तुटला की कॅम थांबतो, काही वॉल्व्ह उघडेच राहतात आणि खालून पिस्टन येऊन आदळतो. सेल मारताना किंवा आयडलवर तुटला असेल तर एखाद-दोन वॉल्व्हवरच निभावलेलं असतं. उरलेले आपण धक्का मारून वाकवतो.

गाडी ट्रॅक्टरमागे दोर बांधून आणली. इंजिन बंद असलं की दोन-तीन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा होतो, स्टेअरिंग जड जातं, म्हणून सावकाश.

गॅरेजात पहिलं वाक्य, "हेड उतरवा लागते." हेड म्हणजे वॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग. आधी हवा मारून बघायला लावलं. क्रँक टीडीसीपासून (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) पाव फेरा फिरवला की चारही पिस्टन मधोमध येतात, मग कॅम बिनधास्त फिरवता येतो. ज्या सिलिंडरचे दोन्ही वॉल्व्ह मिटलेले, त्याच्या हीटर प्लगच्या (थंडीत सिलिंडर तापवणारा प्लग) भोकातून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा, 25-30 पीएसआय, जास्त नाही. गाडी गिअरमध्ये आणि एकाचा पाय ब्रेकवर, नाहीतर हवेने पिस्टन सरकतो. हँडब्रेक मागच्या चाकांचा, इथे कामाचा नाही. एअर फिल्टरकडे फुसफुस म्हणजे इनटेक वॉल्व्ह वाकला, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेडखालचं गॅस्केट. आमच्या तीन सिलिंडरांत गळती निघाली, तेव्हा हेड काढण्यावाचून इलाज नव्हता.

उघडण्याआधी हिशेब करा. 15 वर्षांनंतरचं रि-पासिंग (आरटीओत नोंदणीची मुदत वाढवणं) पाच-पाच वर्षांचं असतं, वर पर्यावरण कर. मुदत संपत आली असेल तर गाडीचा भाव आधी विचारून घ्या. आमचा खर्च वॉल्व्ह, गाइड, स्टेम सील, गॅस्केट, लेथवाल्याचं काम, बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि मजुरी मिळून एकोणीस हजारांवर गेला. नुसता बेल्ट वेळेवर बदलला असता तर चार हजारांत भागलं असतं.

तुटका बेल्ट फेकू देऊ नका, खरं कारण त्यावरच दिसतं. आमचा पट्टा तुटलाच नव्हता, पण परिणाम तोच: एका ठिकाणचे नऊ दात सोललेले, बाकी शाबूत, आणि तिथलं रबर नखाने दाबलं तर मऊ, तेलाने फुगलेलं. कॅमचं ऑइल सील गळत होतं. त्यात खालचं कव्हर कधीचं गायब, म्हणजे कपाशीच्या शेतातली धूळ थेट आत. सील न बदलता नवा बेल्ट चढवला असता तर त्याचेही दात असेच गेले असते. म्हणून कॅम आणि क्रँक दोन्ही सील, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) एकाच वेळी बदला. जुन्या टेन्शनरचं बेअरिंग हाताने फिरवून बघा. खरखरलं किंवा ग्रीस आटल्यासारखं मोकळं भिरभिरलं तर ते गेलं.

हेड बसवायच्या आधी उलटं ठेवून, वॉल्व्ह लावलेले असताना, चेंबरमध्ये केरोसिन ओता. पोर्टमध्ये, म्हणजे वॉल्व्हमागच्या हवेच्या वाटेत, पाझरलं तर वॉल्व्ह पुन्हा घासायला पाठवा. बेल्ट चढवताना क्रँक, कॅम आणि डिझेल पंप तिन्हींच्या खुणा जुळवा. पंपही याच बेल्टवर फिरतो. मग सेल न मारता पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे कडक अडलं तर जोर लावू नका, पाना काढून खुणा परत बघा.