खोलीचे तापमान

माल्ट व्हिस्की कशी चाखावी हे सांगणाऱ्या जाणकारांचे इतर बाबतींत कितीही मतभेद असले, तरी ती खोलीच्या तापमानालाच चाखावी, यावर त्यांचे एकमत असते. ही खोली कोणत्या गावातली, हे मात्र कोणी सांगत नाही. स्कॉटलंडमधले एखादे दगडी घर त्यांच्या मनात असावे, जिथे शेकोटी पेटवल्यावरही पारा पंधरा-अठरा अंशांच्या वर जायला राजी नसतो. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या डॉक्टरांच्या दिवाणखान्यात मे महिन्याच्या अखेरीस, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस सुरू असताना, रात्री आठ वाजताही भिंतीला पाठ टेकवत नाही. दिवसा पंचेचाळिशी गाठून आलेला पारा तोवर चाळिशीच्या आसपास रेंगाळत असतो आणि आमच्यासमोरची व्हिस्की अगदी काटेकोरपणे खोलीच्या तापमानालाच असते.

महिन्यातून एखाद्या शनिवारी आम्ही काही मंडळी इथे जमतो. ज्याने त्याने आपली बाटली आणायची, प्रत्येकाच्या ग्लासात जेमतेम पंधरा मिलिलिटर ओतायची आणि मग नाकाला काय सापडले, जिभेला काय लागले, हे आळीपाळीने सांगायचे, एवढाच कार्यक्रम. डॉक्टर यजमान. वकीलसाहेबांना प्रत्येक घोटाची उलटतपासणी घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मॅडम कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आमच्यात सर्वांत तिखट नाक त्यांचेच. एक स्नेही वर्ध्याहून येतात. त्या जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे यजमानपदाची पाळी त्यांच्यावर कधीच येत नाही आणि त्याचे त्यांना फारसे दुःख झालेलेही दिसत नाही. वकीलसाहेबांचा आजीवन परवाना त्यांच्या पाकिटात असतो आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे स्मरण ते आम्हांला अधूनमधून करून देतात, बहुधा दुसऱ्या ग्लासानंतर.

उन्हाळी बैठकीत पहिला अडथळा येतो तो कूलरचा. कूलर चालू असला की ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा वास खोलीभर पसरतो आणि ग्लेनफिडिकमधले नाशपाती शोधायला निघालेले नाक वाळ्यातच अडकून बसते. कूलर बंद केला, तर दोन मिनिटांत सदरे पाठीला चिकटतात आणि नाशपातीवरचा विश्वासच उडतो. यावर डॉक्टरांनी काढलेला तोडगा असा, की बटणाशेजारी स्वतः बसायचे, ‘वास’ म्हणून कूलर बंद करायचा, सगळ्यांनी घाईघाईने ग्लास नाकाशी न्यायचे, आणि ‘झालं’ म्हणून पुन्हा चालू करायचा. बाहेरून कोणी पाहिले तर इथे श्वसनाचे व्यायाम चालले आहेत, असेच त्याला वाटेल.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो हे खरे, पण हवेत जाण्यासाठी तो उकळण्याची वाट पाहत नाही. मॅडमनी एकदा हिशेब मांडून दाखवला की, अठरा अंशांना त्याचा जो बाष्पदाब असतो, त्याच्या सुमारे तिप्पट तो अडतीस अंशांना होतो. म्हणजे ग्लास नाकाशी नेला की सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात मद्यार्कच येऊन आदळतो, नाकाच्या आतली त्वचा बधिर करतो, आणि मागे राहिलेल्या व्हॅनिला, मनुका, धूर वगैरे मंडळींना भेटीची वेळच मिळत नाही. पोटात फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा तो ग्लेनकेर्न ग्लास गंध गोळा करून नाकापर्यंत नेण्यासाठीच घडवलेला आहे. नवतप्यात तो आपले काम इतके चोख करतो की डोळ्यांत पाणी येते. त्या दिवसांत मॅडम सरळ काचेची पसरट वाटी घेतात. त्यांचे म्हणणे असे की, जो पाहुणा दारातच गोंधळ घालतो, त्याला आधी निघून जाऊ द्यावे.

डॉक्टरांचा भाचा पुण्याहून सुट्टीत आला की बैठकीत शिस्त येते. त्याने पुष्कळ वाचलेले आहे. मागच्या उन्हाळ्यात मॅडमनी वाटीत बर्फाचा एक मोठा खडा टाकला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी वेदना उमटली, ती खरी होती, हे मी सांगू शकतो.

“मॅडम, माल्टमध्ये बर्फ घालत नाहीत,” तो शक्य तितक्या आदराने म्हणाला. “वास मरतो त्याने.”

“बाळा, तू पुण्याची गोष्ट करून राहिला,” मॅडम म्हणाल्या. “इथं वास मारून नाही राहिले, दारूला जरा खाली बसवून राहिले.”

शास्त्र दोघांच्याही बाजूने आहे. फार थंड केलेल्या व्हिस्कीतून गंधाचे रेणू वर येत नाहीत, गोडवा दबतो आणि लाकडाचा कडवटपणा उरतो, हे भाच्याचे म्हणणे बरोबर. पण पाच अंश आणि अडतीस अंश यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे, आणि चाखण्याजोगी व्हिस्की त्या मधल्या जागेत कुठेतरी राहते, हे मॅडमचे म्हणणे मला अधिक पटते. डॉक्टर बर्फाच्या वादात पडत नाहीत. ते बैठकीआधी अर्धा तास बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात. जगभर लोक फ्रिज वापरतात ते पेय थंड करण्यासाठी, आम्ही वापरतो ते व्हिस्कीला खोलीच्या तापमानावर आणण्यासाठी.

पाण्याच्या बाबतीत मात्र आमच्यात कोणी सोवळा नाही. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर व्हिस्कीचे प्रारूप मांडून दाखवले की, मद्यार्काचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत खाली असले, तर धुरकट वासाचा ग्वायाकॉल हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो, आणि प्रमाण ५९ टक्क्यांच्या पुढे गेले की तो मद्यार्काच्या रेणूंनी वेढला जाऊन आत दडतो. चार थेंब पाणी घातल्यावर ग्लासातून एकाएकी धूर कसा उठतो, याचा उलगडा आम्हांला त्यातून झाला. प्रश्न उरला तो पाणी कोणते, एवढाच. डॉक्टरांच्या घरी उन्हाळ्यात माठ असतो आणि माठातले पाणी नेमके हवे तितकेच थंड असते. पण माठ नवा असला, की त्या पाण्याला पहिले काही दिवस मातीचा वास असतो. वकीलसाहेबांनी याला ‘पुराव्यात केलेली ढवळाढवळ’ ठरवून हरकत नोंदवली. वर्ध्याचे स्नेही मात्र त्या वासावर इतके लुब्ध झाले की, पुढच्या बैठकीतही त्यांनी माठाचेच पाणी मागितले आणि त्या घोटात आपल्याला पहिल्या पावसाचा भास झाल्याचे सांगितले. बाहेर तेव्हा लू वाहत होती, त्यामुळे त्या साक्षीला किती वजन द्यायचे ते ठरले नाही.

चाखून झाल्यावर प्रत्येक जण जे बोलतो, ते ऐकण्यासाठीच मी खरे तर जातो. छापील वर्णनांत ‘ऑरेंज’ वारंवार येते आणि नागपूरकर तो शब्द वाचून हुरळतो. अमृत फ्यूजनची बाटली पहिल्यांदा उघडली, तेव्हा सगळ्यांनी त्यात संत्रे शोधले. बंगळूरच्या या कारखान्याने आपली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यात तयार झालेली माल्ट व्हिस्की, २००४ मध्ये पहिल्यांदा विकायला ठेवली ती भारतात नव्हे, ग्लासगोत. फ्यूजन त्यानंतरची, इथले साधे बार्ली आणि स्कॉटलंडचे धुरकट बार्ली यांच्या मेळातून केलेली, ५० टक्के मद्यार्काची. तिच्या वासात फळाची साल होती, यात शंका नव्हती. पण ते संत्रे कोणते, यावर तासभर चर्चा झाली. आंबिया बहाराचे किंचित आंबटसर, की मृग बहाराचे गोड? हातात सोलताना साल वाकते तेव्हा उडणारा तो बारीक फवारा, की गच्चीवर वाळत टाकलेल्या सालींचा उग्र वास? की संत्रा बर्फी? शेवटी मॅडमनी निवाडा दिला की यातले काहीच नाही. विलायती वर्णनातले ऑरेंज म्हणजे बहुधा मार्मालेडचे, सेव्हिलचे कडू संत्रे, आणि आपले सैल सालीचे संत्रे ही त्याची लांबची नातलग. निवाडा सर्वांना मान्य झाला, तरी वहीत नोंद झाली ती ‘वाळलेली साल, थोडी जास्तच वाळलेली’ अशी, आणि मला ती छापील वर्णनापेक्षा खरी वाटते.

असेच धुराचे. आयला बेटावरची लाफ्रॉइग पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजून दडपलेल्या वनस्पतींच्या, धुरावर वाळवलेल्या माल्टपासून होते आणि त्या धुरातून फिनॉल, क्रेसॉल वगैरे पदार्थ धान्यात उतरतात. वर्णने लिहिणारे त्याला आयोडीन, समुद्री शेवाळ वगैरे म्हणतात. आमच्या गावातून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो किलोमीटरवर, तेव्हा शेवाळाबद्दल आम्ही मौन पाळतो. डॉक्टरांनी मात्र पहिल्याच श्वासाला डोळे मिटले आणि आपल्या शिकाऊ काळातल्या वॉर्डात सकाळी सातला फरशी पुसली जात असे, तेव्हाचा तो वास असल्याचे सांगितले. फिनॉलच तो, दोन्हीकडे. भंडाऱ्याकडे बालपण गेलेल्या मॅडमना शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीत वाळलेली मोहफुले सापडली. वकीलसाहेबांनी चटकन पुन्हा हुंगून पाहिले आणि आयुष्यात प्रथमच प्रतिपक्षाचे म्हणणे बिनशर्त मान्य केले.

तापमानाचा हा खेळ बाटलीत भरण्याआधी, पिंपातच सुरू झालेला असतो. स्कॉच म्हणवून घ्यायला किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात राहावे लागते आणि त्या थंड हवेत पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के द्रव उडून जातो. त्याला तिकडचे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळूरचे देवदूत वर्षाला दहा-बारा टक्के पितात. वर्षाला दोन टक्के धरले, तर शंभर लिटरांतले बारा वर्षांनी अठ्ठ्याहत्तर उरतात. दहा टक्के धरले, तर अठ्ठावीस. बंगळूरकरांनी आपल्या एका आठ वर्षांच्या व्हिस्कीला ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरे देवदूत, असे नाव दिले, त्यात विनोदाइतकीच व्यथाही असावी. उष्णतेने द्रव लाकडात जोराने शिरतो आणि रंग-चव लवकर घेतो, म्हणून बाटलीवरच्या वयाचा आकडा पाहून इथल्या व्हिस्कीला पोरसवदा ठरवणे हा अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. आमची आवडती कल्पना अशी की, एखादे पिंप नागपुरात ठेवून पाहावे. कोरड्या हवेत मद्यार्कापेक्षा पाणी लवकर उडते आणि दमट हवेत उलटे होते. तेव्हा ते पिंप मेमध्ये तीव्र होत जाईल, ऑगस्टमध्ये नरमेल, आणि बारा वर्षांनी उघडले तर आत देवदूतच तेवढे सापडतील.

डिसेंबर-जानेवारीत मात्र हे सगळे प्रश्न आपोआप मिटतात. रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर येतो, कूलर गुंडाळून गच्चीवर जातो, दिवाणखाना पुस्तकातल्या खोलीसारखा वागू लागतो. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन याच दिवसांत नागपुरात भरते, हा निव्वळ योगायोग आहे, असे वकीलसाहेब शपथेवर सांगायला तयार आहेत. जेवायला सावजी मटण मागवलेले असले, तर ते शेवटची बाटली बंद झाल्याखेरीज उघडायचे नाही, हा नियम मात्र बाराही महिने पाळावा लागतो, कारण त्या तर्रीनंतर जीभ कोणत्याही व्हिस्कीची साक्ष देण्याच्या स्थितीत राहत नाही.

डॉक्टरांच्या वहीत आता तापमानाचा एक वेगळा रकाना आहे. स्काय बेटावरच्या टॅलिस्करची, ४५.८ टक्के मद्यार्काच्या एकाच बाटलीची, त्यात दोनदा नोंद झाली. जानेवारीतली अशी: ‘१४ अंश. काळी मिरी, मिठाचा खारा वारा, विझत आलेली शेकोटी, शेवटी बराच वेळ गोडसर धूर.’ मे महिन्यातली अशी: ‘३७ अंश. स्पिरिट. मिरी आहे. धूर बहुधा शेजारच्यांच्या तंदूरचा.’ त्याखाली डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवरच्या अक्षरात लिहिले आहे की मृगानंतर पुन्हा तपासणी करावी. बाटली निम्मी उरली आहे. उन्हाळ्यात अर्धी बाटली ठेवली तर आतल्या हवेने व्हिस्की उतरते, सबब तपासणी तात्काळ व्हावी, असा तोंडी अर्ज वकीलसाहेबांनी तिथल्या तिथे केला. तो फेटाळून डॉक्टरांनी बाटली धान्याच्या खोलीत, तांदळाच्या कोठीमागे नेऊन ठेवली आणि खोलीची किल्ली मॅडमकडे दिली.