टी-शर्टची चिमूट

माझ्या कपाटातल्या एकूण एक टी-शर्टला छातीच्या मधोमध पोक आलेलं आहे. तिथलं कापड चिमटीत धरून पुढं ओढायचं आणि सोडायचं, ही सवय तेराव्या वर्षापासूनची. बसमध्ये चढताना, फोटोला उभं राहताना, समोरून ओळखीचं कुणी आलं की हात आपोआप वर जायचा. आईला वाटायचं मला उकडतंय. ती पंखा लावून द्यायची.

आठवीत असताना स्तनाग्रांखाली दुखायला लागलं आणि छाती सुजल्यासारखी दिसायला लागली. घरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयात येताना होतं, वर्ष-दोन वर्षांत जाईल. बहुतेक मुलांचं जातंच. माझं गेलं नाही. वर्गात मागच्या बाकावरून मला 'वहिनी' म्हणायचे. मे महिन्याच्या सुट्टीत बाबांनी हौसेनं नाशिकच्या सावरकर जलतरण तलावाचा पास काढून दिला होता. मी दोन दिवस गेलो, नंतरचे पंधरा दिवस पोहायला म्हणून सायकल काढायचो आणि गोल्फ क्लबच्या मैदानावर क्रिकेट बघत बसायचो. येताना नळाखाली डोकं ओलं करायचो, टॉवेलही भिजवायचो.

शक्तिमान मी अगदी लहानपणी पाहिला. मुकेश खन्ना धिप्पाड होते, पण त्यांच्या पोटावर चौकोन नव्हते. त्या मरून पोशाखात ते आपल्या एखाद्या कडक काकांसारखेच दिसायचे. 2006 ला क्रिश आला आणि काकांचं युग संपलं. माझी छाती बिघडत असताना, 2011 ला, थॉर आणि कॅप्टन अमेरिका एकाच वर्षी आले. दोघांचंही उघड्या अंगाचं एकेक दृश्य आहेच. मेनरोडवरून आणलेलं पोस्टर मी कपाटाच्या दाराला आतून लावलं होतं. म्हणजे टी-शर्ट काढायला दार उघडलं की आधी ती छाती दिसायची, मग दाराबाहेरच्या आरशात माझी.

2017 ला अंबडला कंपनीत लागलो आणि पहिल्या पगारात जिम लावली. वर्षभर बेंच प्रेस मारला. खालचा स्नायू फुगला तसं वरचं आणखीच पुढं आलं. ट्रेनर म्हणाला, "भाऊ, तुझी चेस्ट सगळी फॅट आहे. गियर घे, दोन महिन्यांत दगड." गियर म्हणजे स्टेरॉइड. झिपच्या पिशवीत, लेबल नसलेल्या गोळ्या. मी आठ आठवडे घेतल्या, हे लिहिताना आजही लाज वाटते. दंड फुगले, पाठभर पुटकुळ्या आल्या आणि तिसऱ्या महिन्यात स्तनाग्रांखाली तेच आठवीतलं दुखणं परत सुरू झालं. पुढं डॉक्टरांकडून कळलं की असं बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे पुरुषी हार्मोनचा, काही भाग शरीर इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनमध्ये बदलतं, आणि ती ग्रंथी इस्ट्रोजेनवरच वाढते. म्हणजे जे घालवायला पैसे मोजत होतो त्यालाच खतपाणी घालत होतो.

मागच्या वर्षी स्थळं यायला लागली आणि मी डॉक्टर शोधायला निघालो. आधी एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेलो. तिथं डॉक्टरांच्या आधी एक मॅडम भेटल्या. त्यांच्याकडे तीन पॅकेजचा कागद होता आणि 'आजच बुक केलंत तर' असं एक वाक्य होतं. छातीबरोबर सिक्स पॅकही कोरून देतो म्हणाले. मी विचारलं, सर्जरी कोण करणार, त्यांची डिग्री काय? उत्तर फिरवून फिरवून आलं, पण एम.सीएच. हा शब्द काही आला नाही. प्लास्टिक सर्जन हा एम.एस. झाल्यावर पुढं एम.सीएच. किंवा डी.एन.बी. केलेला असतो, आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येतो. एवढं मी घरून वाचून गेलो होतो, म्हणून वाचलो.

दुसरे डॉक्टर शरणपूर रोडच्या बाजूचे, पन्नाशीचे. कमी बोलायचे. त्यांनी आडवं झोपवून स्तनाग्राच्या दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोट आत आणत दाबलं. चरबी असेल तर बोटं मऊमऊ जवळ येतात. माझ्या बाबतीत मध्येच एक रबरी चकती अडकली. त्यांनी माझंच बोट तिथं ठेवलं. "ही चरबी नाही, ग्रंथी आहे. गायनेकोमॅस्टिया. ही पळून जाणार नाही की उपाशी राहून जाणार नाही." सोळा वर्षं मी ज्याला माझा आळस समजत होतो, ती एक चकती होती.

मला तिथंच थांबायला हवं होतं. पण मी फोन काढला आणि फोटो दाखवला. कपाटातलाच हिरो, नव्या सिनेमातला. म्हटलं, सर, काढताय तर अशी करता येईल का? सिलिकॉन घालतात ना छातीत?

त्यांनी चष्मा वर करून फोटो नीट पाहिला. "घालतात. पोटावर लायपोनं, म्हणजे चरबी ओढून काढून, खोबणीही कोरतात. मग तुम्ही पाच-सात किलोनं वाढलात की खोबणी तिथंच राहते आणि पोट तिच्या आजूबाजूनं फुगतं. मी काढायचं काम करतो, हे नाही." मग त्यांनी आणखी काही विचारलं: दिवसातून आरसा किती वेळा बघता? छातीमुळे कुठं जायचं टाळलंय? सगळं नीट झालं तर मग काय करणार? शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी तारीख दिली नाही, मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली.

मला भयंकर राग आला होता. छाती दाखवायला गेलो आणि डोकं तपासायला पाठवलं. तरी गेलो, दोनदा. तिथं 'मसल डिस्मॉर्फिया' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. शरीर पिळदार असलं तरी स्वतःला किरकोळच दिसत राहायचं, आणि त्यापायी दिवसचे दिवस जायचे. 2013 पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात त्याची नोंद आहे, आणि अशा माणसाला ऑपरेशननं सहसा समाधान मिळत नाही, दुरुस्त केलेली जागा सोडून तो दुसरी शोधतो. मला तो आजार नव्हता, त्या डॉक्टरबाई म्हणाल्या, पण गोळ्यांच्या काळात मी त्या रस्त्याला लागलो होतो. "पोस्टर काढलंत का?" असं त्यांनी सहज विचारलं. काढलं नव्हतं. एकोणतीस वर्षांचा घोडा मी.

मग ऑपरेशनआधीच्या तपासण्या बऱ्याच झाल्या: टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायोल, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, लिव्हर, किडनी, छातीची सोनोग्राफी. वृषणाचीही सोनोग्राफी सांगितली, कारण तिथल्या गाठीमुळेही छाती वाढू शकते. त्या टेबलावर पडून छताकडे बघत मी बारापासून पाढे म्हटले. सगळं नॉर्मल आलं.

आता पैशांचं. कंपनीच्या मेडिक्लेमनं दोन ओळींत नकार दिला: कॉस्मेटिक सर्जरी, वगळलेली बाब. अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा वैद्यकीय गरज असेल तर अपवाद आहे, म्हणून डॉक्टरांचं पत्र जोडून परत पाठवलं. परत तोच नकार. वर जीएसटी. दवाखान्याच्या उपचारांवर जीएसटी नसतो, पण कॉस्मेटिक म्हटलं की 18 टक्के. नियमात जन्मजात दोष, वाढीतला दोष किंवा इजा सुधारण्यासाठी असेल तर सूट आहे. माझी ग्रंथी वयात येताना चुकीची वाढली, हा वाढीतला दोष नाही तर काय आहे? बिलिंगच्या काउंटरवर मी हे सगळं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि 85 हजारांवर 15,300 लावले.

घरी सांगणं सगळ्यात अवघड गेलं. बाबा म्हणाले, "पुरुषाला कशाला असली ऑपरेशनं?" आई काहीच बोलली नाही. रात्री पाणी द्यायला आली आणि म्हणाली, "म्हणून तू टी-शर्ट ओढायचास होय रे?" आणि दिवा न लावताच बसून राहिली.

ऑपरेशन डिसेंबरात झालं. तारीख मुद्दाम थंडीतली घेतली, कारण नंतर सहा आठवडे छातीला आवळून धरणारं बनियन घालायचं असतं आणि नाशिकच्या एप्रिलात ते शक्य नाही. पूर्ण भूल देऊन आधी लायपोनं आजूबाजूची चरबी काढतात, मग स्तनाग्राच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेवर अर्धचंद्रासारखा छेद घेऊन ग्रंथी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाटली दाखवली. तपासणीला पाठवायच्या द्रवात दोन पांढुरके, पिवळसर तुकडे, घट्ट पनीरसारखे. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. डाव्या बाजूचा लिंबाच्या फोडीएवढा, उजवा त्याहून लहान. सगळी ग्रंथी काढत नाहीत, स्तनाग्राखाली थोडी ठेवतात, नाहीतर तिथं बशीसारखा खळगा पडतो.

पाच दिवस अंथरुणावर होतो, तेव्हा सुपरहिरोंबद्दल वाचत बसलो. 1978 च्या सुपरमॅनसाठी क्रिस्टोफर रीव्हला पोशाखात खोटे स्नायू घालायला सांगितलं होतं. तो नाही म्हणाला आणि डेव्हिड प्राउज या वेटलिफ्टरकडे व्यायाम करून अंग कमावलं. 1989 च्या बॅटमॅनची छाती मात्र सरळ रबराची होती, आत मायकल कीटन. ह्यू जॅकमननं तर स्वतःच सांगितलंय की उघड्या अंगाच्या दृश्याआधी तो पाणी पिणं बंद करायचा, म्हणजे शिरा नि कातडी ताणून दिसते. मी ज्या फोटोवरून छाती मागायला गेलो होतो, तसली छाती त्या नटांचीसुद्धा रोजची नसते. एका अमेरिकन अभ्यासात तर लहान मुलांच्या जी. आय. जो बाहुल्या मोजून माणसाच्या उंचीला ताणल्या होत्या. सगळ्यात पिळदार बाहुलीचा दंड 26 इंचांच्या वर भरला. हे वाचून हसू आलं, आणि हसल्यावर टाके दुखले.

आठव्या दिवशी मी मूर्खपणा केला. घरी कुणी नव्हतं, पाण्याचा 20 लिटरचा जार आला आणि मी तो उचलून स्टँडवर ठेवला. संध्याकाळी डावी बाजू टम्म. आत रक्त साचलं होतं. डॉक्टरांनी टाक्याच्या कडेनं दाबून ते काढलं, भूल फक्त जागेवरची. ओरडलो नाही, पण नर्सबाईंच्या हाताला माझी नखं लागली. "दादा, जार कशाला उचलायचा होता?" त्या म्हणाल्या. "शेजारी नव्हते का?" शेजाऱ्यांना काय सांगणार होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता डाव्या बाजूला बोट ठेवलं तर किंचित खड्डा लागतो. उजव्या स्तनाग्राला अजून अर्धवट बधिरपणा आहे. छाती सपाट आहे, बस्स. कोरीव वगैरे काही नाही, पोटही तसंच, मिसळीवर पोसलेलं.

19 मार्चला रंगपंचमी होती. बाहेरगावच्यांसाठी सांगतो: नाशिकमध्ये पेशवेकालीन रहाडी आहेत, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, वर्षभर बुजवलेले असतात आणि रंगपंचमीला उघडतात. प्रत्येकीचा रंग ठरलेला. आमच्या तिवंध्याच्या रहाडीचा पिवळा. लोक काठावरून धप्पा मारतात, आणि बरीच पोरं उघड्या अंगानं. लहानपणापासून मी दरवर्षी तिथं मोबाइल, चपला आणि सगळ्यांचे शर्ट सांभाळायला उभा असायचो.

डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं, जखम भरली आहे, हरकत नाही म्हणाले. मावसभावानं माझ्यासमोर हात पुढं केला, शर्टासाठी. मी काढून दिला. काठावर पोचलो, समोर ओळखीचं कुणी दिसलं, आणि हात वर गेला. चिमटीत कापड आलंच नाही, कातडी आली. मागून कुणीतरी ढकललं.

पिवळा रंग टाक्यांच्या वणात चार दिवस होता. आईनं बेसन लावून पाहिलं.