जुना प्लग फेकण्याआधी

बसून चालवायच्या मोअरच्या, म्हणजे गवत कापायच्या यंत्राच्या, वार्षिक देखभालीत स्पार्क प्लग (ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा भाग) बदलणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर उरकणारे काम आहे. बहुधा म्हणूनच ते सर्वांत घाईने केले जाते. आमच्याकडे ओहायोत एप्रिलमध्ये गवत जोर धरते. त्याआधीच्या एखाद्या शनिवारी मी हे काम काढतो, आणि नवा प्लग बसवण्यापेक्षा निघालेला जुना प्लग उजेडात धरून पाहण्यात माझा जास्त वेळ जातो.

आमच्या मोअरचे इंजिन दोन सिलिंडरांचे, व्ही-ट्विन आहे, त्यामुळे प्लगही दोन. त्यांपैकी एक निकामी झाला तरी इंजिन दुसऱ्या सिलिंडरवर चालू राहते, मात्र चढावर आणि दाट गवतात दम टाकते. अशा वेळी कार्ब्युरेटरला दोष देऊन मोकळे होणारे पुष्कळ आहेत. प्लग काढण्याआधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण प्लग ज्यात बसतो ते सिलिंडरचे हेड ॲल्युमिनियमचे असते आणि ते तापलेले असताना जोर लावला तर आटे जाण्याची भीती असते. प्लगवरची वायरची टोपी काढताना वायर ओढू नये, टोपीलाच धरून हलकेच फिरवावी. प्लगभोवतीच्या खाचेत गवताचा भुगा आणि माती साठलेली असते. पाना लावण्याआधी ती हवेच्या झोताने उडवून द्यावी, नाहीतर प्लग निघताच तो कचरा सिलिंडरमध्ये पडतो.

जुन्या प्लगच्या टोकाजवळची चिनी माती फिकट तपकिरी किंवा राखाडी दिसली, तर इंजिनाची तब्येत ठीक आहे असे समजावे. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडते आहे, आणि बहुतेक वेळा एअर फिल्टर धुळीने गच्च भरलेला सापडतो. ओला, तेलकट काळेपणा ही सिलिंडरमध्ये ऑइल चढत असल्याची खूण आहे. आधी डिपस्टिकवर (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवर) ऑइल प्रमाणाबाहेर तर भरलेले नाही ना, ते पाहावे. चिनी माती पांढरीफटक, फोड आल्यासारखी दिसली तर इंजिन तापते आहे. तेव्हा वरचे आवरण काढून सिलिंडरवरच्या थंडाव्यासाठीच्या धातूच्या पातळ पट्ट्या तपासाव्यात, कारण हिवाळाभर बंद राहिलेल्या मोअरमध्ये उंदीर हमखास तिथेच घरटे करतात आणि हवेची वाट बुजवतात.

ज्यांनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवली आहे, त्यांचा हात अशा वेळी प्लग घासून साफ करायला आपसूक पॉलिश पेपरकडे जातो. त्या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने प्लगवर कचरा येणे नित्याचे होते. मोअरचे इंजिन फोर-स्ट्रोक असते, तेव्हा इथे काजळी दिसली तर तिचे कारण शोधायला हवे. शिवाय घासलेल्या प्लगवरचे खरखरीत कण सिलिंडरमध्ये जाऊ शकतात. नवा प्लग मोजक्या डॉलरांत मिळत असताना ही काटकसर मला पटत नाही.

आमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते त्या दोन टोकांमधले अंतर, ०.०३० इंच, म्हणजे सुमारे ०.७६ मिलिमीटर दिला आहे. नवा प्लग असला तरी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून तो तपासावाच. प्लग पान्याशिवाय, निव्वळ बोटांनी आट्यांत फिरवत न्यावा. वायसर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे होतो. टोप्या मात्र एवढ्यात लावू नयेत. डेकखालच्या, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या आवरणाखालच्या, पात्यांचे काम याच वेळी उरकणे सुरक्षित, कारण इंजिन चुकूनही चालू होण्याचा धोका नसतो. पात्याला धार मूळच्याच कोनात लावावी आणि ते मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवून पाहावे. एक बाजू खाली झुकली, तर तीच बाजू आणखी थोडी घासावी लागते. समतोल नसलेल्या पात्याने डेक थरथरतो आणि स्पिंडलची (पाते फिरवणाऱ्या दांड्याची) बेअरिंग खराब होतात.

ऑइल आणि ऑइल फिल्टर वर्षातून एकदा बदलतोच, इंजिन चालल्याचे तास कमी भरले असले तरी. पुढच्या चाकांच्या निपलांना ग्रीस, टायरांतली हवा, बॅटरीची टोके, ही कामे बोलता बोलता होतात.

पेट्रोलकडे मात्र शरद ऋतूतच लक्ष द्यावे लागते. १० टक्क्यांहून जास्त इथेनॉल असलेले पेट्रोल या इंजिनांना चालत नाही, आणि १० टक्केवालेही महिनोन्‌महिने टाकीत राहिले की कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरते. शेवटची कापणी झाली की टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारे द्रव्य) घालून इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते.